पाठमोरी खुर्ची

९ फेब्रुवारी

ठमे,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फाडता येतं हे मला माहीत आहे, पण फाडायच्या आधी माणूस दोन ओळी वाचतोच, आणि मला सध्या दोन ओळीही पुरतील. रागावून लिहितो आहे हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे अक्षर बिघडलं तर ते माझ्या वयावर ढकलायला नको.

काल आपल्या सिनेमा मंडळाची बैठक झाली. यंदाची खुर्ची भूगोलाच्या बाईंना मिळाली. खुर्चीची पद्धत मी पाडली तेव्हा तू हॉलच्या कोपऱ्यात बसून खडू खायचीस, त्यामुळे तिच्यामागचा विचार तुला कधी कळला की नाही कोण जाणे. वर्षातून एकदा एका सभासदाने आपला सगळ्यांत आवडता सिनेमा लावायचा आणि स्वतः पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसायचं. सिनेमा त्याने बघितलेलाच असतो. त्याने बघायची ती लोकांची तोंडं. वळायचं नाही, बोलायचं नाही. आपल्याला जे जिवापाड आवडतं ते दुसऱ्याच्या चेहऱ्यावर कसं उतरतं, किंवा कसं उतरतच नाही, हे एकदा बघितलं की माणूस जमिनीवर येतो. असं मी तेव्हा भाषणात म्हटलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

तर बाई उभ्या राहिल्या, पर्स छातीशी धरली आणि म्हणाल्या, "माझा आवडता सिनेमा म्हणजे यांच्या ठमीनं केलेला. आईवरचा."

वाचनालयाच्या वरच्या त्या हॉलमध्ये एवढी शांतता मी सिनेमा चालू असतानाही ऐकलेली नाही. औषधवाले माझ्याकडे बघायला लागले. मंडळात माझ्या रक्तदाबाची काळजी त्यांना एकट्यालाच, कारण गोळ्या त्यांच्याच दुकानातल्या. मी म्हटलं, हे नियमात बसत नाही. बाई म्हणाल्या, "कुठल्या नियमात? दाखवा बरं." आता नियम सगळे माझ्या तोंडात, दाखवू काय? मग बाईंची गाडी सुटली. "तुम्ही आम्हाला काय काय बघायला लावलंत! ती बाई सबंध सिनेमाभर जिना पुसते. तो म्हातारा भिंत रंगवतो आणि परत खरवडतो. एकात तर नुसतं धुकं. आम्ही बघितलं, माना डोलावल्या, वर चर्चाही केली. आता आमची आवड तुम्ही बघा." मत घेतलं तर सगळे हात वर. औषधवाल्यांनी कोपरापर्यंतच केला, पण केला.

बाईंपर्यंत तो सिनेमा पोचला कसा? तूच पाठवलास ना? मला न विचारता माझ्याच मंडळात माझ्याविरुद्ध माणसं फितवायची, हे तू कुठे शिकलीस?

मला त्या सिनेमाबद्दल काय वाटतं ते तुला माहीत आहे, तरी परत लिहितो. तुझी आई जन्मभर फोटो स्टुडिओत बसून निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवायची आणि लोकांच्या सुरकुत्या, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालवायची. अर्ध्या गावाच्या लग्नाचे फोटो तिच्यामुळे बघण्यासारखे आहेत. स्वतःचा फोटो काढायची वेळ आली की मागच्या खोलीत जाऊन बसायची. अशा बाईचा चेहरा तू तिच्या आजारात, उशाशी कॅमेरा लावून, जसाच्या तसा घेतलास आणि परक्या देशांतल्या लोकांना दाखवत फिरलीस. मी बघायला नाही म्हटलं तर मला म्हणालीस, "तुम्हाला जगातल्या कुठल्याही अनोळखी बाईकडे तासन्‌तास बघता येतं बाबा, फक्त आईकडे बघवत नाही." जिन्यात उभी राहून, वरखाली सगळ्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात. त्यावर मी काही बोललो नाही, याचा अर्थ माझ्याकडे उत्तर नव्हतं असा काढू नकोस. उत्तर आहे. पुढच्या पत्रात लिहितो.

तोवर एवढं कर. बाईंना कळव की सिनेमा लावू नका. तू नको म्हणालीस तर त्या ऐकतील. माझं कोण ऐकतंय.

बाबा


१८ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर नाही. पण आत्याला फोन केलास आणि बराच वेळ केलास, हे मला कळलं, कारण माझ्या बहिणीच्या पोटात काही राहत नाही. बाबांचं पत्र मिळालं का, तर मिळालं. वाचून काय म्हणाली, तर हसली. का हसली, ते आत्याला सांगता येत नाही. "मग म्हणाली, त्यांना बघायचा नसेल तर त्यांनी बघू नये, पण सगळ्या गावाचे डोळे कशाला झाकतात?" हे वाक्य तुझं की आत्याचं, असं मी विचारलं तर आत्या रुसली. म्हणजे तुझंच.

माझं कामात लक्ष नाही. काल एका गृहस्थांच्या कवळीत समोरचा दात मी चुकीचा बसवला, डाव्याचा उजवीकडे. आरशात बघून ते म्हणाले, "असं हसू तर माझं तरुणपणीही नव्हतं." त्यांनी हसण्यावारी नेलं. मी कवळी परत घेतली, मेण वितळवलं आणि पहिल्यापासून सगळे दात बसवले, दातओठ खात. दात बनवणाऱ्याने दातओठ खावेत यात गंमत आहे हे मला कळतं, तू हसू नकोस.

आत्याने तुझी कुठलीशी मुलाखत वाचून दाखवली. माझ्यावर कुणाच्याही सिनेमाचा प्रभाव नाही, असं तू त्यात म्हणालीस. ऐकून धन्य झालो. मग तुला मांडीवर घेऊन त्या हॉलमध्ये कोण बसायचं? कालव्यावरच्या बाईचा सिनेमा तर तुला पाठ होता. पाणी चढलं की तू हात वर करायचीस, उतरलं की खाली. माझा तो सगळ्यांत आवडता. मला जेव्हा जेव्हा खुर्ची मिळाली तेव्हा तेव्हा मी तोच लावला, लोकांनी कितीही कपाळाला हात लावला तरी. कालव्यावरची मोठी दारं उघडून नावा पलीकडे सोडणारी एक बाई. एक नावाडी परत येतो म्हणून सांगून जातो. ती दारं उघडते, मिटते, उघडते, मिटते. शेवटी नुसतं बंद दार आणि पाणी. वाट बघणं म्हणजे काय हे इतकं स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही, हे माझं प्रास्ताविक मंडळातल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. काहीजण ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतात, माझ्या पाठीमागे.

आणि तुझी आई? दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, दिवे गेले की डोळे मिटून! प्रत्येक वेळी. मी समोर खुर्चीत बसून बघतोय याचाही मुलाहिजा नाही. औषधवाले जांभया दाबायचे, बाई विणकाम करायच्या, पण निदान त्यांचे डोळे तरी उघडे. घरी येताना विचारलं, "कसा वाटला?" तर म्हणायची, "छान होता." झोपेत छान? मग आठवडाभर मी तिला चिडवायचो. जेवताना, चहा घेताना, कोणी पाहुणे आले की त्यांच्यासमोर. ती नुसती हसायची.

चित्रांचंही तेच. मोठमोठ्या चित्रकारांची पुस्तकं मी पोटाला चिमटा घेऊन आणायचो. ती पानं उलटायची, कुठल्यातरी राणीच्या डोळ्याखाली बोट ठेवायची आणि म्हणायची, "इथे जरा हलका हात हवा होता." झालं रसग्रहण. त्यापेक्षा तिला बिस्किटांच्या डब्यांवरची चित्रं आवडायची. रिकामे डबे टाकू द्यायची नाही. त्यातल्या एकात अजून तिच्या पेन्सिली आहेत, टोकं काढून ठेवलेल्या. हे सगळं मला माहीत आहे, कारण मी तिच्याबरोबर राहिलो. तू तिच्यावर सिनेमा करायला निघालीस तर तिच्या आवडीनिवडी मला विचारायच्यास. एकदाही विचारलं नाहीस.

बाईंना अजून काही कळवलेलं नाहीस. त्या आज भाजी घेताना भेटल्या आणि माझ्याकडे बघून फार प्रेमाने हसल्या. माझं डोकं तडकलं.

ते उत्तर लिहायचं राहिलं. कागद संपला.

बाबा


२७ फेब्रुवारी

ठमे,

आता कुणाला काही कळवू नकोस. मी मार्ग काढला.

आधी जाहिरातीवरून वाजलं. वाचनालयाच्या दारावर तुझ्या सिनेमातला तिचा चेहरा लावायचा बाईंचा घाट होता. तो मी हाणून पाडला. म्हटलं, फोटोच हवा तर मी देतो, आमच्या लग्नानंतरचा, स्टुडिओतला, सुंदर आहे. बाईंनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "छान आहे हो, पण यात त्या त्यांच्यासारख्या दिसत नाहीत." माझ्या बायकोचा फोटो मला दाखवून मलाच सांगतात! शेवटी नुसती अक्षरं लावायची ठरली. रंगसुद्धा काळाच.

मग बाई म्हणाल्या, त्यांची पाठ धरली आहे, त्या लाकडी खुर्चीत त्यांना बसवणार नाही, यंदा खुर्ची रिकामीच ठेवू. आणि मला एकदम सुचलं. म्हटलं, रिकामी कशाला? मी बसतो.

बघ, किती सोपं होतं. मंडळाचा संस्थापक आलाच नाही, असं कुणाला म्हणता येणार नाही. मी हजर असेन, अगदी सगळ्यांच्या नाकासमोर असेन आणि सिनेमा आपला माझ्या पाठीमागे चालेल. वळायचं नाही हा तर नियमच आहे, तो मोडा असं मला कोण सांगणार? तुझंही राहिलं, माझंही राहिलं.

"बसा की," बाई म्हणाल्या. "खुशाल बसा." औषधवाले मात्र जिना उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत होते, "नक्की ना? बसवेल ना तुम्हाला?" मी म्हटलं, अहो, पाठ बाईंची धरली आहे, माझी नाही. बाईंनी तर सिनेमा बघितलाच आहे, औषधवाल्यांनीही आधीच बघितलेला दिसतो. सगळ्यांनीच बघितलाय. गावात न बघितलेला बहुतेक मी एकटा.

बाबा


५ मार्च

ठमे,

उद्या आहे. तू येणार नाहीस असं आत्या म्हणते. यायला सांगितलंय कुणी? आत्याने सांगितलं असेल तर ते तिच्या मनाने.

एक विचारायचं होतं. मी त्यात कसा आहे?

कुणी सांगत नाही. औषधवाल्यांना आज गोळ्या घेताना सहज विचारल्यासारखं विचारलं, तर "उद्या काय ते बघालच... म्हणजे, ऐकालच" म्हणाले आणि पुडी पुढे सरकवली. बाईंना विचारायची माझी छाती होत नाही. त्या महिन्यांत मी काय केलं नाही सांग. जेवण वाटून पातळ करायचो, चादरी बदलायचो, तिला उठवून खिडकीशी बसवायचो, केस विंचरायचो. केस मला कधी धड जमले नाहीत, पण दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची नाही. आता एवढं सगळं करताना माणूस चोवीस तास शहाण्यासारखा वागेल का? दोन दिवस तिने घास घेतला नाही, तेव्हा मी वाटी भिंतीवर मारली. तू खोलीत होतीस. तुझा कॅमेरा चालू होता की नाही, हे मला काही केल्या आठवत नाही. तेव्हापासून डोकं पोखरतंय ते.

वाटी ठेवली असशील तर केस विंचरतानाचं पण ठेवायला हवंस. दोन्ही तरी ठेव, नाहीतर एकही नको. आता सांगून काय उपयोग म्हणा, तुझं सगळं ठरवून झालंय.

शर्टाला इस्त्री केली. लोकांना मी पुढूनच दिसणार, तरी मागूनही केली.

बाबा


७ मार्च

ठमे,

माणसाला कान असतात. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, आणि ती कुणी मला धड सांगितली नाही.

हॉल भरला होता. एरवी आपल्याला झोपाळू मंडळ म्हणून नावं ठेवणारे, ते सुद्धा आले होते. भूगोलाच्या बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या, पाठ अगदी ठणठणीत. दिवे गेले, पडद्याचा उजेड लोकांच्या तोंडांवर पडला. त्यांतल्या निम्म्या तोंडांत माझे दात. आणि माझ्या पाठीमागे आपल्या स्वयंपाकघराच्या दाराची कडी वाजली. आधी अडकते आणि मग पडते ती. मग नळ. मग अगदी मानेपाशी तिचा आवाज, "चालू आहे का गं?"

ठमे, तो आवाज मी विसरलो होतो. घरात फोटो आहेत, पण आवाज घरात कुठे असतो? मला वाटत होतं, आठवतोय की. मला आठवत होता तो जरा जाडसर, कुणा दुसऱ्याच बाईचा. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो.

मग कान टवकारून वाटी कधी आपटते त्याची वाट बघत राहिलो. ती आपटलीच नाही. त्याऐवजी बाहेरच्या खोलीतून माझा आवाज आला, फोनवर, "अहो, प्रोजेक्टरचा बल्ब गेला म्हणजे गेला! फुंकर मारून पेटणार आहे का तो?" सगळा हॉल हसला, औषधवाले सगळ्यांत जास्त, कारण त्या फोनच्या पलीकडे तेच होते. त्यावर तुझी आई म्हणाली, "ऐक. यांचा सिनेमा सुरू झाला." परत हशा. बायको माझी, आवाज माझा, हसणाऱ्यांचे दात माझे, आणि मला मान खाली घालायचीही सोय नाही, कारण खुर्चीत बसणाऱ्याने लोकांकडेच बघायचं!

नंतर बाईंना विचारलं. म्हणाल्या, "तुम्ही दिसतच नाही हो त्यात. नुसते ऐकू येता." इतके दिवस मी ज्या भीतीने तुझा सिनेमा टाळला, त्यात मी नाहीच. वाटी नाही, तशी फणीही नाही. का काढलंस मला? दया केलीस की शिक्षा? दोन्ही मला नको आहेत, सांगून ठेवतो.

पण खरा मार पुढेच होता. तू तिला विचारलंस, "आई, बाबांचा तो कालव्याचा सिनेमा कसा होता गं?" मी मनात म्हटलं, विचार, झोपलेल्या माणसालाच विचार. आणि तिने तो सांगायला सुरुवात केली. अगदी पहिल्या नावेपासून.

"डोळे दुखायचे गं माझे," ती म्हणाली. "दिवसभर उजेडावर निगेटिव्ह धरून बघायचं, आणि मग परत अंधारात डोळे ताणायचे. म्हणून मिटून घ्यायचे. पण त्या सिनेमात बघायचं असं होतं काय? सगळं ऐकायचंच होतं. दार उघडताना आधी साखळी वाजते, मग पाणी जोरात आत घुसतं, आणि जसं चढतं तसं गप्प होत जातं. आणि ती बाई चालते ना, तिचा एकच बूट वाजतो. दुसऱ्याचा तळ गेलेला असणार."

मी तो सिनेमा किती वेळा बघितलाय याचा हिशोब नाही. बुटाचं मला माहीत नव्हतं.

तू विचारलंस, "ती त्या नावाड्याची वाट बघते ना?" तेव्हा ती हसली. ते हसू मी ओळखतो, मी प्रास्ताविक केलं की ती तेच हसायची. "हे म्हणतात तसं. कसली वाट बघतेय! तो गेल्यावर तर ती पहिल्यांदा शीळ घालते. संध्याकाळची शेवटची नाव कधी जाते, याची ती वाट बघते. एकदा ती गेली की काम संपलं, मग ती आणि पाणी. मला फार आवडायचा तो. माझा सगळ्यांत आवडता."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"अगं, ते समोर बसून माझ्याकडेच बघत असायचे. डोळे उघडले असते तर 'कसा वाटला' विचारायला दिवे लागेपर्यंतही दम निघाला नसता त्यांना. आणि मी झोपले म्हणून मला चिडवण्यात त्यांचे आठ दिवस कसे मजेत जायचे. कशाला मोडायचं?"

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग पटकन नजर काढून घेतली.

मला संताप आला, अजून येतोय. माझा सगळ्यांत आवडता सिनेमा आणि तिचाही तोच! एका घरात, एका हॉलमध्ये, एका जिन्यावरून चढून उतरून आम्ही दोघं, आणि मला ते कळतं कधी? भूगोलाच्या बाईंना आधी माहीत, औषधवाल्यांना आधी माहीत, जिथली भाषाही आपल्याला येत नाही तिथल्या लोकांनाही आधी माहीत. मी भांडू कुणाशी? ती शीळ मला तिच्याशी भांडायला महिनाभर पुरली असती. शीळ आहे, मान्य. पण वाट बघणारा माणूस शीळ घालत नाही असं कुठे आहे? असं मी म्हटलं असतं, मग ती काहीतरी म्हणाली असती, मग मी परत सिनेमा लावला असता. माझं सगळं म्हणणं तयार आहे आणि समोर कुणी नाही. तुझ्याशी भांडावं तर तू फोन उचलत नाहीस.

हे मनात चाललं होतं तेवढ्यात मागचे आवाज बंद झाले. पंख्याची घरघर तेवढी राहिली. समोरचे चेहरे एकेक करून बदलायला लागले. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि काही चुकेल या भीतीने घाईघाईने परत घातला. औषधवाल्यांचं तोंड उघडं राहिलं, त्यांची वरची कवळी सैल झाली आहे हे मला तिथूनही दिसत होतं. माझ्याकडे आता कुणीच बघत नव्हतं. सगळे माझ्या डोक्यावरून तिच्याकडे बघत होते. सगळं गाव माझ्या बायकोकडे बघत होतं आणि मी गावाकडे बघत बसलो होतो, मीच केलेल्या नियमाने.

मी वळलो. खुर्चीसकट वळलो, हॉलभर कर्र असा आवाज झाला.

भिंतभर ती होती. खिडकीचा उजेड एका बाजूने. सुरकुत्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या, डोळ्यांखालच्या, ओठांच्या कोपऱ्यांतल्या, आणि त्यांतल्या एकीलाही पेन्सिल लावावी असं मला वाटलं नाही. काय सुंदर दिसत होती गं! भांग तेवढा वाकडा होता. तो मी पाडलेला. तुला तो कापता आला नाही.

ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, त्याच्या जरा वर बघत होती. म्हणजे तुझ्याकडे. मग तिचे ओठ जुळले. ती बोलणार होती. माझा धंदाच आहे हा. नवी कवळी बसवली की मी माणसाला प, ब, म म्हणायला लावतो, आणि ओठ असे नीट जुळतात का ते बघतो. जुळले होते. आणि तू कापलंस. काळा पडदा आणि त्यावर नावं.

तिथे कुणी कापतं का? बाहेर पडताना औषधवाले म्हणाले, तो शेवटचा शॉट चांगलाच लांब होता, जरा जास्तच लांब. असेल. त्यांनी तो पहिल्यापासून बघितला. मी आत्ता कुठे वळलो होतो.

त्याच्या पुढचं तुझ्याकडे असणार. कॅमेरा काही तिथेच थांबला नसेल, आणि तू तर तिच्यासमोरच होतीस. मला तुझा सिनेमा बदलायचा नाही. मला त्यात घालू नकोस, वाटीचं कुठे ठेवलं असशील तर तेही राहू दे, त्यावर मी काही बोलणार नाही. मला फक्त पुढचा शब्द हवा आहे. 'पुरे' म्हणाली असेल, 'बंद कर' म्हणाली असेल, तरी लिही. 'पाणी' म्हणाली असेल तर तू दिलं असशीलच, तेही लिही. सकाळपासून मी आरशासमोर उभा राहून तसेच ओठ जुळवून बघतोय. पुढे काही येत नाही.

काय म्हणाली ती?

बाबा